सफरचंदाच्या ज्यूसने पित्ताशयातले खडे पडत नाहीत, आणि सकाळी जे पडतं ते खडे नसतात

माझ्या कोथरूडच्या आत्याने ऑपरेशनची ठरलेली तारीख परस्पर रद्द केली, कारण सोसायटीतल्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. तिचं पित्ताशय दुखतंय, दोनदा रात्री-अपरात्री उलट्या करत तिला रिक्षात घालून न्यावं लागलंय, आणि तरीही मेसेज जिंकला. म्हणून हे लिहितेय, आणि चिडूनच लिहितेय.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. कुणा चिनी डॉक्टरच्या नावाने फिरतो. म्हणणं थोडक्यात असं की पित्ताशयात खडे सगळ्यांनाच असतात आणि त्यातूनच पुढे कॅन्सर होतो. म्हणून पाच दिवस रोज चार ग्लास सफरचंदाचा ज्यूस घ्यायचा नाहीतर चार-पाच सफरचंदं खायची, त्याने खडे मऊ पडतात. सहाव्या दिवशी रात्री जेवायचं नाही, संध्याकाळी सहाला चमचाभर एप्सम सॉल्ट कोमट पाण्यातून, आठला परत तेच, आणि दहाला अर्धा कप ऑलिव्ह ऑईल किंवा तिळाचं तेल अर्धा कप लिंबाच्या रसात ढवळून प्यायचं आणि झोपायचं. सकाळी संडासवाटे हिरवे खडे पडतात, चाळीस-पन्नास सुद्धा. ऑपरेशन करू नका, पित्ताशय काढलं की पचन जन्माचं बिघडतं. शेवटी अर्थातच, जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

सगळ्यात आधी ते हिरवे खडेच घेते, कारण लोकांचा विश्वास बसतो तो तिथे. आत्याने ते गाळणीत धरून धुतले, प्लास्टिकच्या डबीत भरून फ्रीझरमध्ये ठेवले आणि येईल त्याला दाखवायला लागली. "अगं डोळ्यांनी बघ की, हे काय खोटं आहे?" खोटं नाहीच, ते पोटातूनच पडलंय. पण ते काय आहे हे कुणी विचारायचं की नाही? मी हातमोजे घालून डबी उघडली. वाटाण्याएवढ्या, काही हरभऱ्याएवढ्या गोळ्या, गडद हिरव्या, वरून मेणचट, दाबली की चपटी होते आणि हातमोज्याला तेल लागतं. एक गोळी स्टीलच्या वाटीत टाकली आणि वर चांगलं कढत पाणी ओतलं तर बघता बघता ती वितळली आणि पाण्यावर हिरवट तेलाचा तवंग आला. मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. पित्ताचे बहुतेक खडे कोलेस्टेरॉलचे असतात आणि कोलेस्टेरॉल वितळायला १४८ अंशांच्या आसपास तापमान लागतं, उकळतं पाणीसुद्धा १०० च्या पुढे जात नाही. आणि ज्या खड्यात कॅल्शियम असतं त्याचं तर नावच नको. पाण्यात वितळून तेल होणारा पित्ताचा खडा असू शकत नाही.

हे मी एकटी म्हणत नाहीये. द लॅन्सेट हे डॉक्टरांमधलं जगातलं अगदी मोठं जर्नल आहे, त्यात २००५ साली न्यूझीलंडच्या सीस आणि ब्रूकर या दोघांचं एक छोटं टिपण आलं होतं. चाळिशीतली एक बाई, सोनोग्राफीत खडे दिसलेले, हर्बलवाल्याच्या सांगण्यावरून सफरचंद आणि भाज्यांच्या ज्यूसवर राहिली, नंतर काही तासांत ६०० मिली ऑलिव्ह ऑईल आणि ३०० मिली लिंबाचा रस प्यायली. दुसऱ्या दिवशी हिरव्या गोळ्या पडल्या, तिनेही त्या फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि डॉक्टरांकडे नेल्या. त्यांनी त्या लॅबमध्ये तपासल्या. मायक्रोस्कोपखाली स्फटिकासारखी रचना नाही, ४० अंशांवर दहा मिनिटांत वितळून हिरवं तेल, कोलेस्टेरॉल नाही, बिलीरुबिन (पित्ताला रंग देणारा पदार्थ) नाही, कॅल्शियम नाही, साधारण ७५ टक्के नुसती फॅटी अॅसिड्स. मग त्यांनी प्रयोगशाळेतच ओलेइक अॅसिड (ऑलिव्ह ऑईलमध्ये मुख्य तेच असतं) आणि लिंबाचा रस सारखा घेऊन त्यात थोडं पोटॅशियम हायड्रॉक्साईड घातलं, तर तसेच गोळे तयार झाले, पांढरे, आणि वाळल्यावर चांगले कडक. म्हणजे रात्री प्यायलेल्या तेलाचं पचनरसांनी फॅटी अॅसिड झालं, लिंबातल्या पोटॅशियमबरोबर त्याचा साबण झाला आणि सकाळी तो साबण बाहेर पडला. मी दरवर्षी वर्गात साबणीकरण शिकवते, तीच रिअॅक्शन. त्या बाईचे खरे खडे होते तिथेच होते, ते शेवटी दुर्बिणीच्या ऑपरेशननेच काढले.

म्हणून तर हे कुणालाही 'लागू पडतं'. ज्याच्या पित्ताशयात एकही खडा नाही त्याने एवढं तेल आणि लिंबू प्यायलं तरी गोळ्या पडू शकतात, आणि मग मेसेजमधलं 'सगळ्यांना खडे असतात' सुद्धा खरं वाटायला लागतं!

मेसेजमध्ये असंही आहे की खडे पाण्यावर तरंगले म्हणजे कोलेस्टेरॉलचेच. उलट आहे, कोलेस्टेरॉल पाण्यापेक्षा किंचित जड असतं, तरंगतं ते तेल. आणि आत्याच्या रिपोर्टमध्ये एकच खडा होता, १४ मिलिमीटरचा. डबीत गोळ्या ढीगभर. एकाचे एवढे कसे झाले हे तिला विचारलं तर म्हणाली, फुटून आले असतील. परत सोनोग्राफी करून घेतली, भांडून. खडा जागेवर, १४ मिलिमीटर.

आता खडा मऊ होण्याचं. पित्ताशय हे अन्नाच्या रस्त्यावर नाहीच हो. आपण जे खातो ते जठरातून लहान आतड्यात जातं. पित्त लिव्हरमध्ये तयार होतं, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर, त्यातलं थोडं पित्ताशयात साठतं आणि घट्ट होतं, त्या पिशवीत मावतं ३० ते ५० मिली. तिच्यात जे येतं ते लिव्हरकडून. सफरचंदातलं मॅलिक अॅसिड खड्यापर्यंत जाऊन त्याला भिजवत बसेल असा रस्ताच शरीरात नाही. आणि पित्ताशयातून बाहेर पडायची नळी अरुंद, तिच्यात आतून वळ्या, पुढची मुख्य नळी सहा-सात मिलिमीटरची. त्यातून १४ मिलिमीटरचा खडा काहीही न जाणवता रात्री झोपेत निघून येईल?

आणि निघायचा प्रयत्न केलाच तर काय होतं, ही खरी काळजीची गोष्ट. या मेसेजवर मी चिडले ती यासाठी, गोळ्यांसाठी नाही. तेलकट-तुपकट काही खाल्लं की आतडं एक हार्मोन सोडतं, त्याने पित्ताशय आवळतं आणि पित्त बाहेर ढकलतं. म्हणूनच खडे असणाऱ्याला लग्नाच्या जेवणानंतर किंवा भज्यांवर ताव मारला की रात्री बरगडीखाली उजवीकडे कळ येते. आता ज्याच्या पित्ताशयात खडा आहे त्याला उपाशीपोटी अर्धा कप तेल पाजायचं म्हणजे ते पित्ताशय जोरात आवळायला लावायचं. मोठा खडा तोंडाशी अडकला तर पित्ताशयाला सूज. बारीक खडा सुटून मुख्य नळीत गेला तर कावीळ, आणि त्यावर जंतुसंसर्ग झाला तर माणसाच्या जिवावर बेततं. अगदी खाली जाऊन स्वादुपिंडाच्या नळीच्या तोंडाशी अडकला तर स्वादुपिंडाला सूज, पँक्रिएटायटिस, त्यात लोक आयसीयूत जातात. म्हणजे मेसेज खरोखर 'लागू पडला' आणि खडा हलला तर ती वाईट बातमी आहे. पोटात उजवीकडे कळ येऊन तासन्तास थांबत नसेल, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि संडास पांढुरका व्हायला लागला तर ग्रुपवर विचारत बसू नका, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

आत्याला डायबेटिस आहे. सफरचंदाच्या एका ग्लास ज्यूसमध्ये २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, चार ग्लासची झाली १०० ग्रॅम, रोज, पाच दिवस, चहात साखर बंद केलेल्या बाईला. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, ते आतड्यात पाणी ओढतं आणि जुलाब होतात. किडनी अधू असेल तर मॅग्नेशियम रक्तात साठतं आणि हृदयापर्यंत त्रास जातो. आणि आत्याने ते कुठून आणलं तर नर्सरीतून! कुंड्यांना घालायचं पाकीट, त्यावर माणसाने खायचं म्हणून एक अक्षर नाही. सत्तरीच्या बाईने हे एकटीने घरात प्यायलं, सकाळी जुलाबाने गळून गेली आणि त्यालाच 'शरीर स्वच्छ झालं' म्हणाली.

बाकीचं भराभर.

सगळ्यांना खडे असतात हे साफ खोटं. पाश्चात्त्य देशांत मोठ्या माणसांत साधारण १० ते १५ टक्के लोकांना असतात, आपल्याकडे दक्षिणेपेक्षा उत्तरेत जास्त. गाईबैलांनाही होतात, गोरोचन म्हणतात ते हेच, आणि ते महाग आहे कारण क्वचितच सापडतं.

कॅन्सरचं, हो, यात थोडं तथ्य आहे. पित्ताशयाच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये खडे बरेचदा सापडतात आणि गंगेच्या खोऱ्यात हा कॅन्सर जास्त आहे. पण खडे असलेल्यांपैकी फारच थोड्यांना तो होतो, आणि त्या भीतीवर साबणाच्या गोळ्या हा उपाय तर नाहीच नाही.

पित्ताशय काढलं की पचन बंद? घोड्याला पित्ताशय नसतं, मोठ्या जातीच्या उंदराला (रॅट) नसतं, दोघंही दिवसभर खात असतात. पित्त लिव्हर बनवतं, पिशवी गेली तर ते थेट आतड्यात झिरपतं. काहींना सुरुवातीला पातळ संडास होते, तेलकट सोसत नाही, हे खरंय आणि ते डॉक्टरांनी आधी नीट सांगायला पाहिजे, दोन मिनिटं बसून. पहिलं असं ऑपरेशन १८८२ मध्ये बर्लिनला लांगेनबुखने केलं, दुर्बिणीतून आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जेजेत डॉ. उदवाडियांनी सुरू केलं. कालपरवाची गोष्ट नाही ही.

"माझ्या मेव्हण्याचा खडा कुळथाच्या पाण्याने पडला" म्हणणाऱ्यांनी जरा रिपोर्ट काढून बघा, तो मूतखडा असणार. तो किडनीत होतो आणि लघवीवाटे पडतो, वेगळा अवयव, वेगळी नळी, वेगळा पदार्थ.

आणि शेवटचं, 'ऑपरेशन हा डॉक्टरांचा धंदा आहे'. एवढं मान्य करते की खडा दिसला की लगेच काढा असं सांगणारे भेटतात, आणि ते बरोबर नाही. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली आणि खडा सापडला, त्रास काहीच नाही, अशा बहुतेकांना जन्मभर काही होत नाही आणि सहसा त्यांना ऑपरेशन लागत नाही. कोलेस्टेरॉलचे बारीक खडे विरघळवणारी गोळीही आहे, अर्सोडीऑक्सिकोलिक अॅसिड, पण ती महिनोन्‌महिने घ्यावी लागते, १४ मिलिमीटरच्या खड्याला तिचा भरवसा नाही, आणि थांबवल्यावर पाचेक वर्षांत जवळपास निम्म्या लोकांना खडे परत होतात. तेव्हा सर्जनला सरळ विचारा, माझा खडा त्रास देतोय का, पित्ताशयाची भिंत जाड झालीय का, मुख्य नळीत काही दिसतंय का, थांबले तर काय होईल. पटलं नाही तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्या सर्जनकडे जा, त्यात कुणाचा अपमान होत नाही.