बेल-व्ह्यू ब्रुअरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ब्रसेल्सच्या मोलेनबीक भागातील बेल-व्ह्यू या लॅम्बिक (हवेतल्या सूक्ष्मजीवांनी आंबणारी बेल्जियन बिअर) ब्रुअरीवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. बेल-व्ह्यूची क्रीक ही चेरीची बिअर आजही दुकानात मिळत असताना ब्रुअरी ‘बंद पडली’ असे मी का लिहिले, हा पहिला; आणि गझ (लॅम्बिकच्या मिश्रणाची बिअर) गोड करून तिची चव बिघडवणाऱ्या कंपनीसाठी हळहळ कशाला, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला मान्य नाही. फिलेमों वांडेन स्टॉक यांनी 1943 मध्ये मोलेनबीकमधील कालव्याकाठची व्होस-किना ब्रुअरी विकत घेतली. मी लिहिले ते त्या वास्तूविषयी. 1991 मध्ये कंपनी इंटरब्रू या बेल्जियमच्या मोठ्या बिअर कंपनीकडे गेली, पुढे उत्पादन ब्रसेल्सबाहेर सिंट-पीटर्स-लेऊ येथे हलले आणि जुन्या वास्तूत आता हॉटेल आहे. इतर बिअरचा कारखाना हलला तरी नेहमीचे यीस्ट सोबत नेता येते. लॅम्बिकला मात्र बाहेरून विरजण लावतच नाहीत. गहू आणि माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) हॉप्स या कडवट फुलांसह उकळलेला रस छपराखालच्या उथळ, पसरट हौदात रात्रभर निवत ठेवतात आणि हवेतले, तसेच लाकडी पिंपांत मुरलेले सूक्ष्मजीव तो महिनोन्‌महिने आंबवत राहतात. ब्रसेल्सच्याच आंदरलेख्त भागातील कांतियाँ या लॅम्बिक ब्रुअरीत पिंपांभोवतीची कोळिष्टके कोणी झाडत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. रसाच्या वासाने येणाऱ्या फळमाश्या कोळी खातात, म्हणून त्यांना तिथे अभय आहे. अशी जागा ट्रकमध्ये भरून दुसरीकडे नेता येत नाही.

दुसऱ्या आक्षेपात बरेच तथ्य आहे. एक, दोन आणि तीन वर्षे मुरलेली लॅम्बिक एकत्र करून बाटलीत पुन्हा आंबवलेली गझ कोरडी आणि आंबट असते. युद्धानंतर फिलेमों यांचे पुत्र कॉन्स्टंट यांच्या काळात बेल-व्ह्यूने ती गाळून, गोड करून, पत्र्याच्या बुचाच्या लहान बाटल्यांत घरोघरी पोचवली. त्याच कंपनीने शेजारच्या ब्रुअऱ्याही एकेक करून गिळल्या. 1975 मध्ये स्खेपदाल गावची दे नेव्ह ब्रुअरी त्यांच्याकडे गेली. लेखात मी हे लिहायला हवे होते, आणि तो परिच्छेद आज जोडत आहे. तरीही गोडवा नंतर यायचा. त्याआधी मोलेनबीकच्या तळघरांत हजारो लाकडी पिंपांत मुरत असे ती खरीखुरी लॅम्बिकच होती, आणि माझी हळहळ त्या पिंपांसाठी आहे.