'सोसेल तितकं गरम' म्हणजे किती?

गेल्या आठवड्यात एकच मजकूर मला तीन नातेवाइकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवला. म्हणणं असं: 'मधुमेह्याच्या पायाची जखम म्हणजे पायात रक्त कमी पोहोचतंय, बाकी काही नाही. रोज वीस मिनिटं सोसेल तितक्या गरम मिठाच्या पाण्यात पाय बुडवा, पहाटे अनवाणी चाला, जखमेवर हळद बांधा. दुखत नसेल तर घाबरू नका. इस्पितळात गेलात तर पाय कापतील.' आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोव्यातल्या २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला, देशात सर्वाधिक. म्हणजे हा मजकूर इथे घरोघरी पोहोचणार, म्हणून उत्तर देतो आहे.

आधी पाण्याचं. 'सोसेल तितकं' हे ठरवणार कोण? पायाच्या नसा. मधुमेहात नेमक्या त्याच बधिर होतात. डिचोलीचे माझे काका बादलीत पाय घालून काकीला म्हणत होते, "कोमटच आहे गो." दुसऱ्या दिवशी चादरीवर ओला डाग दिसला, तेव्हा टाचेपासून बोटांपर्यंत फोड आल्याचं कळलं. त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. शिवाय रक्तवाहिनी खरोखरच अरुंद झालेली असेल, तर उष्णतेने पेशींची प्राणवायूची गरज वाढते आणि वाढीव रक्त मात्र येऊ शकत नाही. ज्याला रक्त कमी पडतं त्याच्याच पायाला हा उपाय जास्त भाजतो. मिठाच्या पाण्यात रोज भिजवल्याने कातडी कोरडी होऊन भेगा पडतात, त्या वेगळ्याच. पाय कोमट पाण्याने धुवावेत, पाणी आधी दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून पाहावं, आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. पावसाळ्यात आपल्याकडे चिखल्या होतात, तेव्हा तर नक्कीच.

'रक्त कमी, बाकी काही नाही' हे अर्धंच खरं आहे. बऱ्याच जखमा चांगला रक्तपुरवठा असलेल्या पायालाही होतात, कारण बधिर तळव्यावर एकाच जागी दाब पडत राहतो आणि माणूस त्यावरच चालतो. कुष्ठरोगातही पाय असेच बधिर होतात, आणि वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवलं होतं: पाय आपोआप झडत नाहीत, वेदना नसल्याने रुग्ण त्यांना इजा होऊ देतात. म्हणून 'दुखत नाही, घाबरू नका' हे वाक्य मला सगळ्यांत भयानक वाटतं. न दुखणारी जखमच आधी दाखवायची. तिच्यावरचा भार काढणं, म्हणजे विशेष पादत्राण किंवा प्लास्टर, हा उपचाराचा मोठा भाग असतो. रक्तपुरवठा आहे की नाही हे घोट्याजवळची नाडी आणि पायातल्या रक्तदाबाच्या तपासण्यांवरून कळतं. हाताला पाय ऊबदार लागला म्हणून सगळं ठीक, असं धरता येत नाही.

अनवाणी चालण्याबद्दल तर बोलायलाच नको. देवळात चपला काढाव्याच लागतात, ते मान्य. पण दुपारच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालू नका, आणि घरी आल्यावर आरशात तळवे पाहा. चपलेत पाय घालण्याआधी हात फिरवून खडा नाही ना, तेही बघा.

हळद स्वयंपाकात राहू दे.

आणि पाय कापण्याची भीती. काकांचे फोड आम्ही अठरा दिवस घरीच बांधत राहिलो, याच भीतीपोटी. तोवर संसर्ग हाडापर्यंत गेला होता. एक बोट काढावं लागलं, पाय वाचला. त्यांचा रक्तपुरवठा चांगला होता. ज्यांचा नसतो, त्यांची अडलेली रक्तवाहिनी फुग्याने (अँजिओप्लास्टी) किंवा बायपासने अनेकदा उघडता येते, पण त्यासाठी वेळेत पोहोचावं लागतं. जखमेभोवती लाली पसरत असेल, वास येत असेल, ताप असेल किंवा बोट काळं पडत असेल, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच दिवशी गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) किंवा जवळचं इस्पितळ गाठा.