ख्रिसमसच्या गाण्यांना गुंगीचं औषध कोण देतंय?

विझर्ड बँडवाल्या रॉय वुडच्या दणदणीत ख्रिसमस गाण्याची अंगाई करायची परवानगी कुणी दिली, एवढंच मला कळू द्या.

डिसेंबर लागला की इथे बर्मिंगहॅममध्ये ऑफिसात, खालच्या कॉफीच्या दुकानात, सुपरमार्केटात, अगदी दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा तेच. आधी पियानो टिपटिपतो, मग कुणीतरी घसा बसल्यासारखी कानाशी कुजबुजते. अर्धं गाणं सरल्यावर डोक्यात प्रकाश पडतो की अरे, हे तर विझर्डचं! जे गाणं गल्ल्याच्या खणखणाटाने सुरू होतं, ज्यात याच शहरातल्या स्टॉकलंड ग्रीन शाळेची पोरं जीव खाऊन गातात, त्याचं हे असं केलंय.

यंदा ऑफिसच्या पार्टीसाठी प्लेलिस्ट सगळ्यांनी मिळून करायची ठरली. मी सत्तरच्या दशकातल्या ग्लॅम रॉक, म्हणजे चकचकीत थाटाच्या ब्रिटिश बँडची ख्रिसमसची गाणी टाकली: स्लेड टाकलं, विझर्ड टाकलं, मड टाकलं. दुसऱ्या दिवशी स्लेड गायब! कारण काय, तर 'जरा फार आरडाओरडा आहे'. अहो, म्हणूनच तर टाकलं! स्लेडचा गायक नॉडी होल्डरची गाण्याच्या शेवटची ती आरोळी म्हणजे या देशात ख्रिसमस आल्याची दवंडी आहे. आणि त्याच्या जागी काय आलं? त्याच गाण्याचं गिटारवर कण्हत म्हटलेलं रूप. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाला 'जरा हळू, बोटांनी वाजवा' म्हणण्यातला प्रकार आहे हा.

बरं, ती गाणी कुठल्या दिवसांत आली ते तरी बघा. डिसेंबर १९७३. तेलाचे भाव भडकलेले, कोळसा खाणकामगारांचा सरकारशी झगडा चाललेला, वीज वाचवण्यासाठी जानेवारीपासून आठवड्यातून तीनच दिवस कारखान्यांना वीज मिळणार असं पंतप्रधान हीथ सांगून मोकळे झालेले. अशा अंधारात ही माणसं चकचकीत कपडे, उंच टाचांचे बूट घालून, तोंडं रंगवून टीव्हीवर आली आणि धिंगाणा घातला. स्लेडने तर ते गाणं न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात, घामाच्या धारांत रेकॉर्ड केलं होतं. बाजारात आल्या आल्या ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर. विझर्ड बिचारे चौथ्यावर थांबले. त्या वेळी कुणी म्हणालं नाही की आपण सगळे दुःखात आहोत, तर पियानोवर हळूच काहीतरी लावा.

पुढच्या वर्षी मडने तर विरहाचं संथ गाणं आणलं, तेही पहिलं आलं. पण ते म्हणताना त्यांचा गायक लेस ग्रेने एल्व्हिसची अशी काही ढब उचलली की रडता रडता हसू यावं. संथपणाशी माझं वैर नाही हो. निर्जीवपणाशी आहे.

हा रोग काही आजचा नाही. २००३ मध्ये द डार्कनेस या बँडने घट्ट कपडे आणि किंकाळ्यांसकट अस्सल ग्लॅम थाटाचं ख्रिसमसचं गाणं केलं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी मजा आणली होती. ते दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. पहिलं कोण आलं? दुसऱ्याच बँडच्या जुन्या गाण्याचं पियानोवरचं सुतकी रूप! ज्यात ख्रिसमसचा ख सुद्धा नाही! तेव्हापासून मला पियानोचा संशय येतो.

त्याच ग्लॅम थाटाच्या गॅरी ग्लिटर या गायकाचं ख्रिसमसचं गाणं याद्यांमधून गेलं, ते त्याच्या गुन्ह्यांमुळे. जायलाच हवं होतं. पण स्लेडने काय घोडं मारलंय? विझर्डने कुणाचं काय बिघडवलंय? 'फार आरडाओरडा' म्हणणारी हीच मंडळी पार्टीत दुसऱ्या ग्लासानंतर टेबलावर चढतात, तेव्हा त्यांना कान नसतात वाटतं.

स्लेड मी परत टाकलंय. मूळचं, आरोळीसकट, आणि यादीत सर्वांत वर. आता पुन्हा काढलंत तर पार्टीत मी स्वतः ओरडेन, आणि माझा आवाज नॉडी होल्डरपेक्षा कितीतरी वाईट आहे.