रोटुमन भाषेतला 'सिवा' आणि आपला शिव

परवा माझ्या भाचीने वक्तृत्व स्पर्धेसाठी लिहिलेलं भाषण वाचून दाखवलं. आठवीत आहे ती. विषय 'जगातील भाषा'. तिसऱ्याच वाक्याला ती म्हणाली, "प्रशांत महासागरातल्या रोटुमा बेटावर आजही संस्कृतचा अपभ्रंश बोलला जातो." कुठून आणलंस म्हणून विचारलं, तर काकांनी घरच्या गटात टाकलेल्या मजकुरातून. खाली 'अभिमान असेल तर पुढे पाठवा' लिहिलेलं. मला तो आधीच तीन ठिकाणांहून आला होता आणि मी न वाचता पुसून टाकला होता. पोरीच्या भाषणात तो शिरला म्हटल्यावर मात्र गप्प बसवेना.

मजकुरातले दावे असे. रोटुमन भाषेत नऊला 'सिवा' म्हणतात, तो आपला शिव. शेजारच्या सामोआत 'सिवा' म्हणजे नृत्य, तो नटराज. दोनला 'रुआ' म्हणतात, तो 'द्वि'. तिथले लोक शब्दांतली अक्षरं उलटीपालटी करून बोलतात, त्यामुळे भाषेला व्याकरण उरलेलं नाही. शिवाय ती फिजियनचीच एक बोली आहे. आणि आता ती मेल्यातच जमा आहे.

संस्कृतचा अपभ्रंश आणि फिजियनची बोली, हे दोन्ही दावे एकाच मजकुरात आहेत. पुढे पाठवणाऱ्या एकालाही ते खटकू नये, याचा मला खरंच राग आला.

आधी सिवा घेऊ. रोटुमनमध्ये नऊला 'सिवा' म्हणतात, हे खरं आहे. पण हा आकडा एकट्या रोटुमाचा नाही. फिजियनमध्ये तो 'धिवा', टोंगनमध्ये 'हिवा', सामोअन आणि माओरीत 'इवा', आणि थेट तैवानमधल्या अमीस भाषेत 'सिवा'. हे सगळं ऑस्ट्रोनेशियन नावाचं एकच प्रचंड भाषाकुल आहे, आणि त्याची सर्वांत जुनी पाळंमुळं तैवानात सापडतात. नऊ आकड्याचा हा शब्द तिथून बोटीबोटीने पूर्वेकडे गेला. सामोआच्या नृत्याबद्दल तर मजकूर लिहिणाऱ्याने शब्दकोशसुद्धा उघडलेला नाही. सामोअनमध्ये नृत्य म्हणजे 'सिवा' आणि नऊ म्हणजे 'इवा'. त्या भाषेनेच हे दोन शब्द वेगळे ठेवलेत. ते एकत्र आणून त्यांतून नटराज काढायचा, तर आधी सामोआच्या माणसांना त्यांचीच भाषा कळत नाही असं म्हणावं लागेल.

रुआचंही तेच. अमीस भाषेत दोनला 'तुसा' म्हणतात. मूळ शब्दात मध्ये स-सारखा एक वर्ण होता, तो पुढे पूर्वेकडच्या भाषांत गळाला. 'द्वि'मध्ये त्याला जागाच नाही. आणि दोन जुळलं म्हणून नाचायचं, तर पुढचे आकडेही म्हणून बघा ना: फोलु, हाके, लिमा, ओनो, हिफु. यांत त्रि, चतुर्, पञ्च, षट्, सप्त कुठे आहेत? लिमा म्हणजे पाच. सामोअनसारख्या भाषांत हाताला आणि पाचाला हा एकच शब्द आहे. पाच बोटांचा हात, इतकी साधी गोष्ट.

एक कबूल करतो, नाइलाजाने. ऑस्ट्रोनेशियन कुलातल्या मलय आणि जावानीज भाषांत संस्कृत शब्द भरपूर आहेत. मलयमध्ये भाषेला 'बहासा' म्हणतात. फ्रांत्स बोपसारखा मोठा भाषाशास्त्रज्ञही 1841 साली याच भरात मलय-पॉलिनेशियन भाषांचं नातं संस्कृतच्या कुळाशी जोडायला निघाला होता. पुढच्या अभ्यासकांना ते टिकवता आलं नाही. पूर्व बोर्निओतले कुताईचे संस्कृत यूपलेख, म्हणजे यज्ञाच्या खांबांवर कोरलेले लेख, साधारण इसवी सन 400 चे. फिजीच्या बेटांवर माणूस पोचला तो आजपासून सुमारे 3 हजार वर्षांपूर्वी. म्हणजे संस्कृतचा वारा इंडोनेशियात लागला, त्याच्या कितीतरी आधी ही शाखा तिथून निघून गेली होती.

आता ज्या मुद्द्याने मला सर्वांत जास्त दुखावलं, तो. अक्षरं उलटीपालटी करतात, व्याकरण नाही. एखाद्या भाषेची सर्वांत नाजूक, सर्वांत कुशल गोष्ट उचलायची आणि तिलाच अडाणीपणा ठरवायचं!

रोटुमनमध्ये जवळपास प्रत्येक शब्दाची दोन रूपं असतात, एक पूर्ण आणि एक अपूर्ण. चटई म्हणजे 'एपा', तिचं अपूर्ण रूप 'एआप'. जमीन 'पेरा', अपूर्ण रूप 'पेआर'. शेवटचा स्वर आणि त्याआधीचं व्यंजन जागा बदलतात; काही शब्दांत शेवटचा स्वर नुसता गळतो. आपल्याकडे 'नुकसान'चं 'नुसकान' होतं, तसा हा वर्णविपर्यय; पण आपला बोलण्याच्या ओघात होतो, त्यांचा नियमाने होतो आणि त्याने अर्थ बदलतो. 'एपा ला होआ' म्हणजे त्या (ठरलेल्या) चटया नेल्या जातील. 'एआप ला होआ' म्हणजे काही चटया नेल्या जातील. एक स्वर हलला आणि 'त्या'चं 'काही' झालं. 'फामोरि फेएन' म्हणजे लोक उत्साही आहेत. 'फामोर फेएनि' म्हणजे उत्साही लोक. वाक्य झालं की नुसता शब्दसमूह, हे कुठला शब्द कुठल्या रूपात आहे त्यावर ठरतं.

आपण 'घोडा'चं 'घोड्याला' करतो, 'पाणी'चं 'पाण्यात' करतो. मराठी शिकणाऱ्या परभाषकाला सामान्यरूपाने घाम फुटतो. म्हणून मराठीला व्याकरण नाही असं कुणी म्हटलं, तर काका ऐकून घेतील का? मॅक्सवेल चर्चवर्ड या मेथडिस्ट मिशनऱ्याने रोटुमन भाषेचं व्याकरण आणि शब्दकोश 1940 साली एकाच पुस्तकात छापला. ही दोन्ही रूपं त्यात नीट मांडलेली आहेत.

फिजियनची बोली हा दावा थोडक्यात निपटतो. रोटुमा राजकीयदृष्ट्या फिजीत आहे, कारण तिथल्या प्रमुखांनी 13 मे 1881 ला बेट ब्रिटनच्या हवाली केलं आणि ब्रिटिशांनी ते फिजीला जोडलं. सरकार एक झाल्याने भाषा एक होत नाही. नातं आहे, तेही जवळचं: रोटुमन, फिजियन आणि पॉलिनेशियन भाषा (सामोअन, टोंगन, माओरी वगैरे) मिळून ओशनिक भाषांचा, म्हणजे ऑस्ट्रोनेशियनच्या प्रशांत महासागरातल्या शाखेचा, मध्य प्रशांत गट होतो, आणि भाषाशास्त्रज्ञ अँड्र्यू पॉली यांनी रोटुमनचा धागा पश्चिम फिजीच्या बोलींशी जोडून दाखवलाय. पण ती बहीण आहे.

हे नातं ओळखायला इतका वेळ का लागला, ते भाषाशास्त्रज्ञ ब्रूस बिग्ज यांच्या 1965 च्या लेखाने उलगडलं. माझा सगळा भर त्याच लेखावर आहे. बिग्ज यांनी दाखवलं की रोटुमनमध्ये शब्दांचे दोन थर आहेत. वारशाने आलेल्या शब्दांत मूळच्या 'त'चा 'फ' झाला आणि शेजारच्या भाषांत जिथे 'व' किंवा 'फ' आहे तिथे 'ह' आला. सामोअन तोलु, रोटुमन फोलु. मता (डोळा), मफा. फितु (सात), हिफु. फतु (दगड), हफु. दुसरा थर पॉलिनेशियन भाषांतून मागाहून घेतलेल्या शब्दांचा, त्यात 'त' तसाच राहिला. भूत किंवा मृतात्मा या अर्थाचा 'अतुआ' तसला. आपल्याला हे कळायला अवघड नाही. 'कान' आणि 'कर्ण' मराठीत शेजारी शेजारी नांदतात, एक झिजत आलेला, दुसरा पुन्हा उचललेला. हे दोन थर न निवडता मोजदाद केली, तर रोटुमन कधी पॉलिनेशियन वाटते, कधी भलतीच काही. या मफाचं अपूर्ण रूप 'मफ' रोटुमन लोकांच्या एका म्हणीत येतं: 'पेआर ता मा ओन मफ', जमिनीला डोळे असतात.

मेल्यातच जमा? बेटावर आज दोन हजारांच्या आत माणसं राहतात, हे खरं. पण रोटुमन माणसं त्याच्या कितीतरी पट फिजीच्या मोठ्या बेटांवर आहेत, आणि न्यूझीलंडमध्ये मे महिन्यात रोटुमन भाषा सप्ताह होतो. काळजी करावी अशी जागा दुसरीकडे आहे. फिजीच्या 2013 च्या राज्यघटनेने प्राथमिक शाळांत इतौकेई (मूळ फिजियन लोकांची भाषा) आणि फिजी हिंदी सक्तीच्या केल्या. प्रस्तावनेत रोटुमन भाषेचा मानाने उल्लेख आहे, पण सक्तीच्या त्या कलमात ती नाही.

आणि फिजीत भारतातून गेलेली भाषा खरंच हवी असेल, तर ती हीच, फिजी हिंदी. 1879 ते 1916 या काळात 60 हजारांहून जास्त गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, उसाच्या मळ्यांवर नेले गेले आणि त्यांच्या बोलींतून ती घडली. तिच्यासाठी सिवाचा शिव करावा लागत नाही. काकांना मी हे सगळं गटातच लिहून पाठवलंय. भाचीने तिसरं वाक्य खोडलं. तिथे आता एपा आणि एआप आहेत, आणि 'एआप' नीट म्हणता यावं म्हणून ती सकाळपासून घरभर ते म्हणत फिरतेय.