पंचांगाचं सहावं अंग

आजोबा झालात? अभिनंदन. पेढे वाटून झाले असतील. बाळाचं नाक कोणावर गेलंय यावरून व्याह्यांशी पहिली चकमकही उडाली असेल. आता जरा टेका आणि वहीत लिहून घ्या, कारण या पदावर नेमणूक करताना काम काय ते कोणी सांगत नाही. मी अकरा वर्षं या पदावर आहे. त्याआधी छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. दोन्हीकडे काम एकच: वरून काय सुटतंय त्यावर डोळा ठेवायचा आणि आपल्या हातात काही नाही हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही.

सुरुवात पंचांगापासून. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगं तुम्हाला ठाऊकच आहेत. आजोबांच्या पंचांगाला सहावं अंग असतं, ते म्हणजे रजा. बाकीची पाच तिच्यापुढे हात जोडून उभी असतात. बारसं बाराव्या दिवशी करावं, हे झालं पहिल्या पाचांचं मत. आमच्या नातवाचं बारसं अठ्ठाविसाव्या दिवशी झालं, कारण त्या शनिवारला जोडून सोमवारी सुट्टी होती. मी गुरुजींकडे बघितलं. ते म्हणाले, "काका, हल्ली हाच मुहूर्त."

बारशाला जाताना तुमच्या मनात एखादं नाव असेल, तर ते मनातच ठेवा. मी माझ्या वडिलांचं नाव तीन वर्षं राखून ठेवलं होतं. मुलाने दोन अक्षरी नाव आणलं. त्याच्या मते ते संस्कृत, व्याह्यांच्या मते वैदिक. मी घरी येऊन दोन शब्दकोश पालथे घातले. सापडलं नाही, म्हणजे बहुधा शब्दकोशाच्याही आधीचं असावं. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे मुलाकडच्या आजोबांना बारशात खुर्चीवर बसून "वा, वा" म्हणण्यापलीकडे काम नसतं. तेवढं नीट करा. माझं एक "वा" कमी पडलं होतं, ते अजून निघतं.

(थोरली नात न्यू जर्सीची. तिच्या वेळी ही डिंकाचे लाडू घेऊन सहा महिने तिकडे गेली आणि मी इकडे डबा लावला. ते बारसं मी मोबाइलवर पाहिलं. पाळणा दिसला, नाव ऐकू आलं नाही.)

आता मे महिना. आपल्या लहानपणी सुट्टी म्हणजे दोन महिने मामाचं गाव. हल्ली आधी पोहण्याचं शिबिर, मग बुद्धिबळाचं, मग रोबोट बनवायचं, आणि उरलेले चार दिवस सांगली. या चार दिवसांची तयारी गुढीपाडव्यापासून करावी. गाद्यांना ऊन द्या. आंब्याची पेटी सांगून ठेवा, कृष्णाकाठची वांगी कोणाकडे चांगली येतात याचा तपास लावा, भडंग पाच किलो आणा. दुकानदार विचारेल, "आबा, पाव्हणं कवा येनार?" अंगात ताप असल्यासारखा चेहरा करून म्हणायचं, "बघू, त्यांच्या सवडीनं." नक्की तारीख सांगू नका. मी एकदा सांगितली होती. पुढचे पंधरा दिवस गावभागातला प्रत्येक माणूस मला "आलं न्हाईत व्हय?" असं विचारत होता.

मुलगा फोनवर म्हणेल, "बाबा, तुम्ही काही करू नका हां." हे वाक्य सरकारी परिपत्रकासारखं वाचायचं असतं. काही करू नका, म्हणजे सगळं करा, पण केलेलं दिसू देऊ नका.

आणि या चार दिवसांत वाटेकरी असतात. माझे व्याही विश्रामबागेत राहतात. मुलीचं सासर आणि माहेर एकाच गावात, किती सोयीचं, असं लग्नात सगळे म्हणाले होते. मीही म्हणालो होतो. पण मे महिन्यात त्या सोयीचे चटके बसतात. कृष्णेच्या पाण्याचा तंटा तीन राज्यांनी बच्छावत लवादापुढे नेला आणि 1976 साली निकाल लागला: महाराष्ट्राला 560 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी, कर्नाटकाला 700, आंध्राला 800. हे आकडे मी नोकरीत इतक्या वेळा टाइप केलेत, की झोपेत सांगेन. नातवाच्या चार दिवसांसाठी असा लवाद नाही. दोन-दोन दिवस असं तोंडी ठरतं. मग पहिल्या दिवशी गाडी संध्याकाळी पोचते, तो दिवस कोणाच्या खात्यात टाकायचा? शेवटच्या दिवशी सकाळी नाश्ता करून निघतात, त्याचं काय? आणि "जाता जाता तासभर विश्रामबागेत" हा तर सरळ सरळ चोरून उपसा. तरीही भांडू नका. ते वरच्या अंगाला आहेत, दारं त्यांच्या हातात आहेत.

मिळालेल्या दोन दिवसांत नातवाला गावाची महती सांगावी, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. सांगा, पण बेताने. मी त्याला हरिपूरला नेलं. कृष्णा आणि वारणेचा संगम दाखवला, संगमेश्वराला नमस्कार घातला, मग हळदीच्या पेवांच्या गोष्टीवर आलो. जमिनीखाली खोल खड्डा, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत कोठारासारखं पोट. त्यात हळद भरून वरून लिंपून टाकली, की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. उघडलं तरी लगेच आत उतरायचं नसतं, हवा कोंदलेली असते, माणूस गुदमरतो. 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं बसली. नातू डोळे मोठे करून ऐकत होता. मला वाटलं, साधलं. मग त्याने विचारलं, "आबा, तुम्ही किती वेळा उतरला होतात?"

चाळीस वर्षं ही गोष्ट मी सांगतोय, आजवर कोणी हे विचारलं नव्हतं. खरं म्हणजे मी त्याच्याएवढा असताना दहा हात लांब उभा होतो, हमाल जवळ येऊ देत नव्हते. तेव्हा सल्ला असा, की नातवंडांना आठवणी सांगताना क्रियापदं अशी वापरा, की कर्ता सापडू नये. "पेवात उतरलं जायचं." "आयर्विन पुलावरून उड्या मारल्या जायच्या." कोणाकडून, हा प्रश्न येण्याआधी भेळ मागवा.

जून-जुलै कोरडे जातात. म्हणजे पाऊस असतो, फोन नसतात. "सकाळी केलेला बघितला नाहीस का?" "मीटिंगमध्ये होतो बाबा" एवढ्यावर दोन महिने निघतात. पण धीर सोडू नका, ऑगस्ट येतोय. सांगलीत घर असण्याचा हा एक फायदा पुण्या-मुंबईच्या आजोबांना कधी मिळायचा नाही.

1929 सालचा आयर्विन पूल. त्याच्यापाशी कृष्णेची 40 फुटांना इशारा पातळी, 45 ला धोका. माझ्याकडे दुसरं कोष्टक आहे. 35 फुटांपर्यंत कोणाला आपली आठवण नसते. 40 ला मुलाचा मेसेज. 43 ला त्याचा फोन. 45 ला सुनेचा. 50 च्या पुढे गेलं, की न्यू जर्सीत रात्रीचे दोन वाजलेले असले तरी मुलगी जागी. "बाबा, कोयनेतून किती सोडलंय? अलमट्टीची दारं उघडली का?" प्रश्न माझ्या विषयातला. मी घसा साफ करून सुरू करतो, की कोयनेची क्षमता 105 टीएमसी, त्यातलं आता किती भरलंय ते आधी बघ... तोवर तिकडून येतं, "थांबा, टीव्हीवर वेगळं सांगतायत." थांबावं. छत्तीस वर्षांची नोकरी टीव्हीपुढे काही नाही. मात्र आकडा सांगताना फार काटेकोर राहू नका. 38 असेल तर "चाळीसच्या आसपास" म्हणावं. खोटं नाही, आणि फोन चार मिनिटं जास्त चालतो.

2019 चा पूर मात्र कोष्टकाबाहेर गेला. 57 फुटांच्या वर पाणी, गावभागात आमचा खालचा मजला बुडालेला. मुलाने ताबडतोब रजा टाकली आणि पुण्याहून यायचे रस्ते बंद. रजा आहे आणि मुलगा नाही, असं पहिल्यांदाच घडलं. आम्ही नऊ दिवस विश्रामबागेत व्याह्यांकडे राहिलो. माणसं चांगली आहेत, हे मी इथे लिहून ठेवतो. त्यांनी अल्बम दाखवला. मी न मोजता मोजले. नातवाबरोबरचे फोटो आमच्यापेक्षा चाळीस जास्त होते.

मग गणपती. आमच्या गणपतीच्या देवळात भाद्रपदाच्या प्रतिपदेलाच, चतुर्थीच्या आधी, चोर गणपती बसतो. गाजावाजा न करता येतो. मुलाचंही तसंच: रात्री उशिरा गाडी लागते आणि सकाळी चपला दिसल्या की कळतं, आलेत. घरचा गणपती आमचा पाच दिवसांचा, मुलगा दीड दिवसाचा. मोदक तळणीचे करायचे की उकडीचे यावर त्यातला अर्धा जातो.

त्यालाही दोष देता येत नाही. त्याच्या ऑफिसात वर्षभराच्या रजा जानेवारीत भरून द्याव्या लागतात. 2022 ला चतुर्थी 31 ऑगस्टला होती, म्हणून पुढच्या वर्षी त्याने डोळे झाकून त्याच सुमाराची रजा टाकली. 2023 ला अधिक श्रावण. चतुर्थी गेली 19 सप्टेंबरला. त्या वर्षी मुलगा आला, गणपती आला नाही. ही म्हणाली, आलेल्याला नैवेद्य दाखवू. एकवीस मोदक केले. नातवाने कॅलेंडर बघून विचारलं, "आबा, बाप्पाला कोणी कळवलं नाही का?" आणि 19 सप्टेंबरला आम्ही दोघांनी आरती केली, टाळ्या वाजवायला शेजारचं पोर बोलावलं.

दिवाळीचं फार सांगण्यासारखं नाही. फराळाचं वजन विमानाच्या बॅगेप्रमाणे ठरतं, चकल्यांचा रस्त्यात भुगा होतो आणि तिकडून "छान झाल्यात" असं कळवलं जातं. नोव्हेंबरचं मात्र ध्यानात ठेवा. त्या महिन्यात दोन भानगडी असतात.

एक घड्याळाची. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे घेतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे. त्यामुळे न्यू जर्सीचं आणि आपलं अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. रविवारी तिच्या सकाळी दहाला फोन, म्हणजे आपल्याकडे साडेसात. त्या रविवारी तो साडेआठला येतो. मला हे माहीत असतं. ही दरवर्षी विसरते, वेणी घालून, कुंकू नीट करून साडेसातला मोबाइलसमोर बसते. पहिल्या वर्षी मी समजावून सांगितलं. आता सांगत नाही, मीही शेजारी बसतो.

दुसरी भानगड हयातीच्या दाखल्याची. पेन्शनरांनी वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, आपण जिवंत असल्याचं कळवायचं. लोक यावर विनोद करतात. करू नयेत. ऑगस्ट सोडून तुमची हयात तपासणारं दुसरं कोण आहे, त्याचा आधी हिशोब करा. 2014 पासून जीवन प्रमाण नावाची सोय झाली आहे, अंगठा टेकवला की घरबसल्या काम होतं. मुलाने ती मला तीनदा शिकवली. मला तिन्ही वेळा जमली नाही. बँकेत जावं, सही करावी, समोरची मुलगी मान वर न करता "ठीक आहे ना आजोबा?" म्हणते, तिला सविस्तर उत्तर द्यावं.

संक्रांतीच्या बोरन्हाणाचं काय घेऊन बसलात. बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे सगळं सांगलीहून न्यायचं आणि पुण्यात ऐकायचं, की मुलांना लागेल म्हणून बोरांऐवजी चॉकलेटच्या गोळ्या टाकणार आहेत. बोरं परत आणली. बरी होती.

शेवटचा, तुमच्या स्वतःच्या सोहळ्याचा सल्ला. सहस्रचंद्रदर्शन. हजार पौर्णिमा पाहिल्या की करतात. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांहून थोडा मोठा, त्या हिशोबाने हजार भरायला 80 वर्षं आणि जवळजवळ 10 महिने लागतात. माझं केलं 80 वर्षं 3 महिन्यांवर. कारण? सहावं अंग. मुलीला डिसेंबरातच रजा होती. सगळे आले. दिव्यांनी ओवाळलं, व्याह्यांनी शाल दिली, फोटोवाल्याने "आजोबा, थोडे बाजूला" म्हणून मला माझ्याच सोहळ्यात कडेला उभं केलं. संध्याकाळी नात मोबाइलवर गुणाकार करून आली.

"आबा, हजार नाही झाले. आठ बाकी आहेत."

मी म्हटलं, होतील की, आता पुढच्या पौर्णिमेपासून मोज. ती म्हणाली, "पण दर्शन म्हणजे दिसायला पाहिजे ना? मी फोन करून विचारणार. ढग असले तर तो धरायचा नाही."

तेव्हापासून पौर्णिमेला न्यू जर्सीहून फोन येतो. आई सांगते म्हणून नाही, रजा आहे म्हणूनही नाही. जानेवारी ते मे पाच झाले. पुढे आपला पावसाळा, चार पौर्णिमा आभाळानेच खाल्ल्या. चारदा मी गच्चीवर छत्री घेऊन उभा राहून आलो आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "नाही गं दिसला." तिने खातं तसंच ठेवलं: बाकी तीन.

परवा कोजागिरी झाली. हिने मसाला दूध केलं होतं, आम्ही दोघं गच्चीवर बसलो. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, चंद्र सगळा दुधात उतरलेला. तेवढ्यात फोन वाजला.

"आबा, दिसला?"

"ढग आहेत गं," मी म्हटलं.

हिने माझ्याकडे बघितलं आणि भांड्यावर ताटली झाकली.