सांतियागोतल्या कॅसेटी

आपल्याकडे राजकारणावरून वाद पेटला की परदेशातल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: तिकडे बसून शहाणपण शिकवू नका. त्यावर चिडण्याआधी चिलीचे माहितीपटकार पात्रिसियो गुस्मान यांचा ‘द कॉर्डिलेरा ऑफ ड्रीम्स’ (२०१९) बघावा. ११ सप्टेंबर १९७३ला चिलीत लष्कराने समाजवादी राष्ट्राध्यक्ष अय्येंदे यांचं सरकार उलथवलं. त्यानंतर गुस्मान देशाबाहेर पडले ते बाहेरच राहिले. या माहितीपटात ते स्वतःचं जुनं काम पुन्हा उघडतात.

ते काम म्हणजे अय्येंदे सरकारच्या अखेरच्या काळावरचा तीन भागांचा ‘द बॅटल ऑफ चिली’. मूठभर माणसं, १६ मिमीचा कॅमेरा. कच्ची फिल्म देशात मिळेना, ती फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्कर यांनी मिळवून दिली. ४०० फुटांचं रीळ ११ मिनिटांत संपतं, त्यामुळे मोर्चा दिसला की कॅमेरा चालू, ही चैन नव्हती. काय टिपायचं आणि काय सोडायचं हे आधीच ठरवावं लागे. बंडानंतर गुस्मान यांना नॅशनल स्टेडियममध्ये डांबलं. रिळं स्वीडनच्या दूतावासामार्फत निसटली, संकलन हवानात झालं. कॅमेरामन होर्हे म्युलर मागे राहिला. नोव्हेंबर १९७४मध्ये त्याला उचललं, पुढे पत्ता नाही.

(आणीबाणीत आनंद पटवर्धन यांच्या बिहार आंदोलनावरच्या फिल्मची प्रिंटही तुकड्यातुकड्यांनी बाहेर गेली आणि कॅनडात जोडली गेली. तेव्हा ‘तिकडे’ कामाला आलं होतं.)

‘कॉर्डिलेरा’त बाजी मारतो तो मात्र पाब्लो सालास. हा देश सोडून गेला नाही. १९८०च्या दशकापासून तो रस्त्यावर शूट करतोय: पाण्याचे फवारे, अश्रुधूर, फरफटत नेलेली माणसं. त्याची खोली कॅसेटींनी गच्च भरली आहे. जुन्या टेप जतन करण्याच्या कामातल्या माणसाला ती खोली बघून धडकीच भरेल. तासाभराची टेप डिजिटल करायला तासच लागतो. जुन्या टेपचा लेप दमटपणाने चिकट झाला तर तो प्लेअरच्या हेडवर बसतो आणि चित्र फाटतं. मग टेप ५० अंशांच्या आसपास कित्येक तास तापवायची आणि ती चालतेय तोवर कॉपी करून घ्यायची. चालू स्थितीतला प्लेअर शोधणं ही वेगळीच कटकट.

माझ्या मते ‘तिकडे बसून’ या टोमण्यात तथ्य आहे ते एवढंच: बाहेरच्याला संकलनाचं टेबल आणि निवांतपणा मिळतो, पण फुटेज आतल्याकडे असतं. गुस्मान हे कबूल करतात, आपण सहसा करत नाही. मात्र त्यांचे चिलीतल्या अँडीज पर्वताचे देखणे शॉट पाहताना अनिवासी खोड लगेच ओळखू येते. आपल्याला गाव आठवतं ते डोंगरासकट, बसच्या तिकिटासकट नाही. मे २०१९मध्ये कान चित्रपट महोत्सवात ‘कॉर्डिलेरा’ला पारितोषिक विभागून मिळालं. ऑक्टोबरमध्ये राजधानी सांतियागोच्या मेट्रोचं भाडं ३० पेसोंनी वाढलं आणि शहर निदर्शनांनी पेटलं. माहितीपटात त्याची चाहूलसुद्धा नाही.

मग गुस्मान कॅमेरा घेऊन तिथे गेले. २०२२च्या ‘माय इमॅजिनरी कंट्री’त मुलाखती आहेत त्या सगळ्या बायकांच्या, आणि गुस्मान बराच वेळ नुसते ऐकतात.