मादी गिनिपिगसाठी 75 दिवस कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दुकानात गिनिपिग पाच मिनिटांत मिळतं, आम्ही मात्र दत्तक देताना मादीसाठी 75 दिवस थांबवतो, घराचे फोटो मागतो, एकटं देत नाही, हॅमस्टरलाही तेच नियम लावतो. अशाने लोक दुकानातच जातील.

हॅमस्टरबद्दल तुमचं बरोबर आहे, ते आधी. सीरियन हॅमस्टर जेमतेम 16 दिवसांत विते, बुटक्या जाती 18 ते 22 दिवसांत. नरापासून वेगळं करून 25 दिवस झाले की शंका उरत नाही. तिलाही 75 दिवस लावणं ही आमची चूक होती. नियम बदलला आहे. नर असेल, मग गिनिपिग असो की हॅमस्टर, तर 3 आठवडे. तेवढ्यात खरूज, गजकर्ण बहुधा अंगावर दिसायला लागतं, आणि गजकर्ण घरातल्या माणसांनाही लागतं.

गिनिपिगच्या मादीचा हिशेब मात्र वेगळा आहे. विक्रीसाठी ठेवलेले नर-माद्या बऱ्याचदा एकाच टबात असतात. मादी 4 आठवड्यांची झाली की गाभण राहू शकते. नर पिल्लू तर 3 आठवड्यांचं होताच आईपासून आणि बहिणींपासून काढावं लागतं. म्हणून अशा ठिकाणाहून सुटून आलेली प्रत्येक मादी आम्ही गाभणच धरतो. गर्भकाळ 59 ते 72 दिवस. नर शेवटचा कधी लागला ते कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे वेगळं केल्याच्या दिवसापासून 72 मोजायचे, वर 3 दिवस राखून.

‘गाभण निघाली तर आम्ही बघू, आजच द्या,’ असं तुम्ही लिहिलंय. अडचण नेमकी इथेच आहे. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत प्रवास, नवी जागा, अनोळखी आवाज यांनी मादी खाणं सोडते. पोटात पिल्लं असताना उपास पडला की शरीरातली चरबी भराभर वितळते, रक्तात आम्ल साठतं आणि ती एक-दोन दिवसांत दगावू शकते. दुसरा धोका वयाचा. पहिलं बाळंतपण साधारण 7-8 महिन्यांच्या आत झालं नसेल तर कटीचा सांधा घट्ट होतो, नंतर पुरेसा उघडत नाही, पिल्लू अडकतं. मग सिझेरियनच, आणि एवढ्या लहान जनावराचं सिझेरियन करणारा व्हेट रात्री अकराला शोधून सापडत नाही. वेगळं करून 5 आठवडे झाल्यावर अनुभवी व्हेटने केलेली सोनोग्राफी कोरी आली, तर मात्र आम्ही 75 दिवस धरून बसणार नाही.

तोवर वजन बोलतं. दर रविवारी सकाळी, खायला घालण्याआधी, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्यायचा. त्यावर पातेलं, पातेल्यात फडकं, आकडा शून्यावर आणायचा, मग तिला खालून आधार देऊन अलगद आत ठेवायचं. तुम्ही मागितलेली तपकिरी-पांढरी मादी वेगळी करून आज 41 दिवस झालेत. पूर्ण वाढलेली आहे, खुराक तोच आहे, आणि गेल्या तीन रविवारचे आकडे 780, 815, 865 ग्रॅम. हे नुसतं अंग धरणं नव्हे. शेवटच्या पंधरवड्यात कुशींवर तळवे नुसते टेकवले, न दाबता, तरी पिल्लांची हालचाल लागते.

घराचे फोटो घर बघायला मागत नाही, पिंजरा कुठे राहणार ते बघायला मागतो. दोघींना किमान 2 बाय 4 फूट सपाट जागा हवी, जाळीचा तळ नको, त्याने पायाला जखमा होतात. ग्रिलच्या बाल्कनीत कावळा आणि मांजर दोन्ही पोचतात, आणि पारा 28 अंशांच्या वर गेला की गिनिपिग धापायला लागतं. सुताराकडचा भुसा तर अजिबात नको. त्याची धूळ फुफ्फुसात जाते, प्लायवूडचा असेल तर डिंकही. कागदाचे कपटे किंवा फ्लीसचं कापड बरं.

जोडीबद्दल एवढंच की गिनिपिग कळपात जगतं आणि सीरियन हॅमस्टर एकांडा असतो. म्हणून एकाला जोडी मागतो, दुसऱ्याला नाकारतो.

व्हेटचं नाव विचारतो ते औषधांमुळे. गिनिपिगला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन दिलं तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि जनावर जातं. कुत्र्याचंच औषध ‘थोडं कमी’ करून देणारा डॉक्टर इथे चालत नाही. 12 तास काही खाल्लं नाही तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर टाकायचं नाही.

तिचे 75 दिवस भरायला अजून 34 आहेत. तेवढ्यात पिंजरा लावा आणि सुक्या गवताची सोय बघा. लसूणघास आता चालेल, पण व्याल्यावर पिल्लांचं दूध सुटलं की बंद, नाहीतर मूतखडे होतात. क जीवनसत्त्व पाण्यात थेंब टाकून देऊ नका, ते तासातासाने उतरतं. रोज ढोबळी मिरचीची ताजी फोड आणि कोथिंबीर द्या. ती व्याली आणि पिल्लांत मादी असली, तर 4 आठवड्यांनी आई-लेक दोघी एकत्रच न्या. वेगळी जोडी जमवण्याची खटपटच उरणार नाही. तुमच्या जवळ गिनिपिग तपासणारा कोण आहे तेवढं इथेच कळवा.